'गर्भित' कशास म्हणावे? : बाजारातील अनिश्चिततेच्या एका मापाविषयी

निकोलस ब्लूम यांचा अनिश्चिततेच्या आघातांविषयीचा निबंध 2009 साली 'इकॉनोमेट्रिका'त प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीतच या क्षेत्रात प्रमाण मानला जाऊ लागला. ऑप्शनच्या किमतींतून काढलेली 'गर्भित अस्थिरता' हे त्यांनी अनिश्चिततेचे माप मानले. ती एकाएकी वाढली की कारखानदार गुंतवणूक व नोकरभरती थांबवितात आणि उत्पादन घटते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आमचा आक्षेप त्यातील गणितावर नसून 'गर्भित' या विशेषणावर आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे बोलण्याचे कारणही तेच.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याचा हक्क. आपल्या जुन्या सट्टाबाजारातील तेजी-मंदीचे सौदे याच जातीचे. त्या हक्काची किंमत दिसते, पुढील चढउतार दिसत नाहीत. म्हणून ब्लॅक-शोल्स यांचे 1973 चे सूत्र उलटे चालवून, किती अस्थिरता धरली असता ही किंमत उपपन्न होते, ते काढावयाचे. मीमांसकांच्या परिभाषेत ही अर्थापत्ती होय : पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. परंतु अर्थापत्तीचे सारे बळ 'अन्यथा उपपत्ती नाही' यावर उभे असते, आणि येथे अन्यथा उपपत्ती आहे. घाबरलेला मनुष्य विम्यासाठी अपेक्षित नुकसानीहून अधिक मोल देतो; तेव्हा किमतीत भाकिताबरोबर भयाचे मोलही मिसळलेले असते. शिवाय ऑक्टोबर 1987 च्या घसरणीनंतर एकाच निर्देशांकावरील निरनिराळ्या भावांचे ऑप्शन निरनिराळी अस्थिरता सांगू लागले. देवदत्ताच्या रात्रीच्या जेवणाची दहा उत्तरे येऊ लागली, तर दोष देवदत्ताचा नव्हे. शिकागोच्या मापाने 2003 मध्ये या सूत्राचा आधार सोडला. भयाचे मोल मात्र तसेच राहिले.

ब्लूम यांनी 1986 पूर्वीच्या वर्षांसाठी प्रत्यक्ष घडलेली अस्थिरता जोडून घेतली आहे. हे त्यांनी उघड सांगितले आहे; त्यांचा हवाला देणारे बहुधा सांगत नाहीत.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराने 2008 साली सुरू केलेला 'इंडिया व्हिक्स' निफ्टीच्या ऑप्शनवरून पुढील 30 दिवसांचे माप देतो. मार्च 2020 मध्ये तो 80 च्या वर गेला, जूनअखेर 30 च्या आसपास उतरला. म्हणजे अनिश्चितता निम्म्याहून कमी झाली काय? मे महिन्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची गाडी सुटली होती. कामगार केव्हा परततील, उधारीवर गेलेल्या कापडाचे पैसे केव्हा येतील, हे जूनअखेर मार्चपेक्षा स्पष्ट झाले होते असे येथील कोणताही मागवाला म्हणणार नाही. ज्याने माग घ्यावा की थांबावे, माणूस ठेवावा की नाही, याविषयी ब्लूम यांचा सिद्धान्त बोलतो, तो हाच मनुष्य; पण तो निफ्टीचे ऑप्शन घेत नाही, म्हणून त्याची शंका त्या किमतीत उतरतच नाही. फ्रँक नाइट यांनी 1921 मध्येच मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता यांत भेद केला होता. जिला किंमत लागली ती बव्हंशी पहिलीच.

ही उणीव ब्लूम यांनाही जाणवली असावी. बेकर व डेव्हिस यांच्यासह 2016 साली त्यांनी वृत्तपत्रांतील शब्दांच्या मोजणीवरून धोरणविषयक अनिश्चिततेचा निर्देशांक मांडला. दिशा योग्य आहे. परंतु भारतासाठी जी सात वृत्तपत्रे घेतली ती सर्व इंग्रजी आहेत, आणि भिवंडीतील मागवाला आपली चिंता उर्दूत, मराठीत किंवा तेलुगूत बोलतो.