बोलीसंशोधन आणि त्याचा वाचक

संशोधन सुबोध करावयाचे म्हणजे त्यातील परिभाषा गाळावयाची, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती तपासून पाहण्यास मराठी बोलींच्या अभ्यासाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. कारण ज्यांच्या बोलण्यावर हे संशोधन उभे राहते, तेच त्याचे स्वाभाविक वाचक असावयास हवे होते. ते तसे झालेले नाहीत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने डॉ. अ. मा. घाटगे यांची बोली-सर्वेक्षणमाला प्रसिद्ध केली. तीतील कुडाळीवरील पुस्तक १९६५ साली निघाले. वर्णनाची शिस्त आणि सामग्रीविषयीचा काटेकोरपणा या दृष्टींनी ही माला आजही अभ्यासकाने पुढे ठेवावी अशीच आहे. परंतु मंडळ महाराष्ट्राचे, बोली कुडाळची, आणि विवेचन मात्र इंग्रजीत! परदेशी अभ्यासकांसाठी ते आवश्यक होते, हे मान्य केले तरी कुडाळच्या शिक्षकाची सोय कोणी पाहिली, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न केवळ अनुवादाने सुटणारा नाही. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला. त्याचे मोल मोठे आहे, पण त्याचा वाचक अभ्यासकच राहिला. भाषा बदलली, तरी ग्रंथ ज्या प्रश्नांची उत्तरे देतो ते प्रश्न बदलत नाहीत.

एक साधे उदाहरण घेऊ. अहिराणीत आणि वऱ्हाडीच्या बऱ्याच भागात प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : ‘डोळा’ याचा ‘डोया’, ‘काळा’ याचा ‘काया’. आपल्या प्रबंधात ही गोष्ट ‘ध्वनिसंवाद’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकली जाते. आता तिसरीच्या वर्गातील मुलाने निबंधात असे दहा शब्द लिहिले, तर शिक्षक दहा चुका मोजतो. वस्तुतः तेथे चुका दहा नाहीत. नियम एक आहे, आणि तो मुलाला पक्का येतो. त्याला शिकवावयाचा आहे तो दुसरा नियम. ‘ण’ आणि ‘न’ यांची गोष्ट याहून अवघड. ज्या बोलींत हा भेद नाही, तेथील मूल प्रथम ‘पानी’ लिहिते आणि दटावल्यावर ‘मन’ही ‘मण’ असे लिहू लागते. ही दुसरी चूक अज्ञानाची नव्हे, अतिदक्षतेची आहे. दोहोंवर एकच तांबडी रेघ ओढणाऱ्या शिक्षकाला हा फरक कोणी सांगितला आहे? ‘स्वनिम’ हा शब्द त्याला कळत नाही, ही त्याची अडचण नव्हे. तो शब्द एकदा उदाहरणाने समजावला की कळतो. आपण त्याच्या प्रश्नापासून आरंभच करीत नाही, ही खरी अडचण आहे.

येथे ना. गो. कालेलकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘ध्वनिविचार’ (१९५५) आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेले ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ (१९६४) या ग्रंथांत त्यांनी परिभाषा टाळली नाही, ती घडवली आणि वाचकाला वापरावयास लावली. तरीही त्यांचा वाचक सुसंस्कृत, जिज्ञासू वाचक आहे. वर्गात फळ्यापुढे उभा असलेला माणूस नव्हे. कालेलकरांवर हा दोषारोप नाही. पुढचे पाऊल त्यांच्यानंतरच्यांनी टाकावयाचे होते, आणि आपण तर कित्येकदा त्यांच्याही मागे गेलो.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडील सर्वेक्षणाने बोलींची ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली केली, ही आनंदाची गोष्ट आहे. बोलणाऱ्याचा आवाज प्रथमच त्याच्या गावापर्यंत परत जाऊ शकतो. पण मुलाला ‘झील’ कोठे म्हणतात हे नकाशावर पाहिल्याने मालवणी वाचक सुखावेल. त्याच्या शिक्षकाला जिल्ह्यागणिक चार पानांचे टिपण हवे आहे. डावीकडे बोलीतील रूप, उजवीकडे प्रमाण रूप, आणि खाली त्या दोहोंना जोडणारा नियम. सामग्री तयार आहे. असे टिपण पीएच.डी.च्या मूल्यमापनात कोठे धरावयाचे, एवढेच आपल्या अभ्यासमंडळांनी अद्याप ठरवावयाचे आहे.