उत्तररामचरितातील शिष्टाई

भवभूतीने आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे नाट्यप्रस्तावनेत सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेले हे गाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडते. भवभूतीची कीर्ती मुख्यत्वे करुणरसाचा कवी म्हणून आहे. तथापि राजा, प्रजा आणि अन्यायग्रस्त व्यक्ती यांच्यातील तुटलेला संबंध मध्यस्थीने कसा जोडावा, हा प्रश्नही ‘उत्तररामचरिता’त तितक्याच गांभीर्याने मांडलेला आहे.

पहिल्या अंकाची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. वसिष्ठ, अरुंधती आणि राजमाता ऋष्यशृंगाच्या यज्ञासाठी दूर गेल्या आहेत. जनकही मिथिलेस परतला आहे. प्रजानुरंजनासाठी सर्वस्व, प्रसंगी सीताही त्यागीन, असे राम बोलून जातो. आणि थोड्याच वेळात दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो. ज्यांचा सल्ला घ्यावा असे कोणी जवळ नाही, आणि जिच्यासंबंधी निर्णय व्हावयाचा ती सीता निद्रिस्त आहे. राम प्रजेशी बोलत नाही, सीतेशीही बोलत नाही. त्याची कर्तव्यनिष्ठा निःसंशय आहे. परंतु संवादावाचून घेतलेला नीतिमान निर्णयही अन्याय ठरू शकतो, हे येथे दिसून येते.

यानंतर नाटकातील नैतिक नेतृत्व क्रमाने इतरांकडे जाते. सुनेवाचून असलेल्या अयोध्येत पाऊल टाकणार नाही, हा अरुंधतीचा निश्चय दुसऱ्या अंकात कळतो. तिसऱ्या अंकात वासंती रामाला त्याच्या कृत्याचा जाब विचारते, आणि अदृश्य सीता तो संवाद ऐकते. चौथ्या अंकात जनकाचा क्रोध उसळतो व शमविला जातो. लव आणि चंद्रकेतू यांचे युद्धही रामाच्या आगमनाने थांबते.

सातव्या अंकात वाल्मीकी गंगातीरी पौरजनांसमोर नाट्यप्रयोग करवितो. गंगा आणि पृथ्वी सीतेच्या पावित्र्याची ग्वाही देतात. अरुंधती प्रजेला तिच्या स्वीकाराविषयी थेट विचारते; लज्जित प्रजा सीतेला वंदन करते, आणि मगच रामाला तिचा स्वीकार करण्यास सांगितले जाते. रामायणातील सीता भूमीत प्रवेश करते. भवभूती पुनर्मीलन घडवितो. सुखान्ताचा नाट्यसंकेत एवढेच त्याचे कारण सांगणे अपुरे होय. जो अपवाद कुजबुजीतून पसरला, त्याचे निराकरण उघड सभेत, आरोप करणाऱ्यांच्या साक्षीनेच व्हावे, असा हा क्रम आहे.

आधुनिक काळात या क्रमाचे स्मरण करून देणारा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. १९९५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सत्य आणि समेट आयोगाने, आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली, एप्रिल १९९६ पासून वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची जाहीर सुनावणी केली. सुमारे २१,००० पीडितांची निवेदने नोंदविली गेली. राजकीय हेतूने केलेल्या अपराधांचे संपूर्ण सत्य सांगणाऱ्यास क्षमेची तरतूद होती. भरपाई मात्र रेंगाळली. २००३ मध्ये शासनाने प्रत्येकी ३०,००० रँड जाहीर केले, ते आयोगाच्या शिफारशीहून कमी होते.

या तुलनेने नाटकाची उणीवही स्पष्ट होते. आफ्रिकेत पीडित स्वतः बोलले. भवभूतीच्या सभेत सीतेची बाजू इतर मांडतात. स्वीकाराच्या क्षणी आपले दुःख पुसण्याविषयी ती जे बोलते, ते स्वगत आहे. सभेला ते ऐकूच येत नाही. दुसऱ्या अंकातील शंबूकाला तर सभाच लाभत नाही. रामाच्या हातून वध झाल्यावर तो दिव्य रूपाने कृतज्ञता व्यक्त करतो. त्याच्या वतीने जाब विचारणारी वासंती नाटकात नाही. कवीची करुणा जेथवर पोहोचली, तेथवर त्याचा संवाद पोहोचलेला नाही.

तरीही ‘उत्तररामचरिता’चे मोल त्यामुळे कमी होत नाही. मध्यस्थी कोणी करावी, कोणासमोर करावी आणि बोलण्याचा अधिकार कोणास असावा, हे तिन्ही प्रश्न या कृतीतून उभे राहतात. पहिल्या दोहोंची उत्तरे भवभूतीने दिली; तिसऱ्याचे उत्तर सीतेच्या स्वगतात अडकून राहिले आहे.