हिरागानाचे अध्ययन : क्रम कोणाचा, आकार कोणाचे?

जपानी भाषेचा आरंभ करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती येणाऱ्या बहुतेक पुस्तिका हिरागाना लिपी रोमन अक्षरांच्या आधारे शिकवितात. आधी रोमन अक्षर, त्याखाली जपानी चिन्ह आणि मग ४६ आकृत्यांची घोकंपट्टी, अशी ही पद्धत आहे. इंग्रजीभाषकास ती सोयीची असेल. वर्णमाला बालपणीच मुखोद्गत झालेल्या विद्यार्थ्याला मात्र ती विनाकारण लांबच्या वाटेने नेते आणि बौद्ध विद्येचा एक महत्त्वाचा दुवा दृष्टीआड करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिरागानाचा तक्ता 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, या नावाने ओळखला जातो. त्यात स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात. व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा लागतात. हा कंठाकडून ओठांकडे येणारा भारतीय वर्णक्रम होय, हे सुज्ञ वाचकास सांगावयास नको. खटकतात ते केवळ 'स' आणि 'ह'. 'च'च्या जागी 'स' का, आणि 'प'च्या जागी 'ह' का? प्राचीन जपानीत 'ह'च्या ओळीचा उच्चार 'प' असा होता, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. 'स'देखील त्याकाळी 'च'च्या जवळचा असावा असे मानले जाते. म्हणूनच आजही 'क'च्या चिन्हावर दोन लहान रेघा दिल्या की 'ग' होतो, 'त'चा 'द' होतो, आणि 'ह'चा होतो 'ब'! रोमन तक्त्यात हे कोडेच राहते.

हा क्रम जपानात रुजविला तो बौद्ध भिक्खूंनी. सूत्रांतील मंत्र व धारणी शुद्ध म्हणता याव्यात म्हणून ते सिद्धम् लिपीचे अध्ययन करीत. ८०४ ते ८०६ या काळात चीनमध्ये राहिलेल्या कूकाईने ही विद्या सोबत आणली. ध्वनितक्त्याचा सर्वांत जुना ज्ञात नमुना अकराव्या शतकाच्या आरंभीचा असून तो महामायूरी सूत्राच्या उच्चारविषयक टिपणात आढळतो. त्यात आजचा क्रम अद्याप स्थिरावलेला नव्हता. पालीच्या आठ स्वरांतून तीन दीर्घ स्वर वगळले की नेमके जपानी पाच स्वर उरतात, हे खरे. परंतु येथे मूळ आधार संस्कृतचा आहे, पालीचा नव्हे. साम्य दिसले की संबंध जोडण्याचा मोह पाली अभ्यासकांनीही आवरावयास हवा.

दुसरा मोह अधिक घातक आहे. 'जपानी अक्षरे मूळची आपलीच' असे विधान व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येते. ते निराधार आहे. आला तो क्रम. आकार चिनी अक्षरांच्या जलद, वळणदार लेखनातून घडले. 'अ' हे चिन्ह 'शांत' या अर्थाच्या चिनी अक्षरापासून झाले. 'मे' आणि 'नु' या चिन्हांत नवशिका हमखास गोंधळतो, कारण शेवटच्या लहानशा गाठीखेरीज दोहोंत फारसा भेद नाही. 'मे'चे मूळ अक्षर 'स्त्री' या अर्थाचे, तर 'नु'चे 'दास' या अर्थाचे. आणि त्या दास-अक्षरातही स्त्रीचेच अक्षर अंग म्हणून बसलेले आहे. जुन्या समाजरचनेची ही खूण अक्षरात कशी टिकून राहते, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही. चिनी विद्या पुरुषांची मानली जात असताना हिरागानाला 'ओन्नादे', म्हणजे स्त्रियांचे हस्ताक्षर, म्हटले गेले. त्याच हस्ताक्षरात मुरासाकी शिकिबू हिने अकराव्या शतकाच्या आरंभी 'गेंजी मोनोगातारी' लिहिली.

कूकाईनेच हिरागाना निर्माण केली, ही समजूतही अशीच तपासून घ्यावी. तीव्र अनित्यभाव असलेले आणि प्रत्येक अक्षर एकदाच योजणारे 'इरोहा' हे पद्य परंपरा त्याच्या नावावर घालते. पण त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १०७९ ची आहे आणि भाषेच्या पुराव्यावरून विद्वान ते कर्तृत्व मान्य करीत नाहीत. अनित्यतेच्या त्या पद्याला कर्त्याच्या नावाची गरज तरी काय?

उच्चारांतही मराठी विद्यार्थ्याची पूर्वतयारी मोठी आहे. रोमनमध्ये अवघड दिसणारा 'त्सु' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चूल'मधला च. त्याच ओळीतला 'चि' हा 'चिमणी'तला. 'शिम्बुन' (वृत्तपत्र), 'हन्ताइ' (विरुद्ध), 'गेङ्कि' (तब्येत ठीक) या तिन्हींत अनुनासिकाचे चिन्ह एकच आहे. आपला अनुस्वार 'कंप', 'चंदन', 'गंगा' यांत हेच काम करतो. 'किते' म्हणजे 'येऊन' आणि 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट. हे द्वित्व 'धम्म' म्हणणाऱ्या जिभेस नवे नाही. बौद्ध धम्मास जपानीत 'बुक्क्यो' म्हणतात, तेथेही तेच. मात्र 'फु' हा ध्वनी दोन्ही ओठांतून फुंकावयाचा असतो. तो देवनागरीत नीट उतरत नाही, कानानेच शिकावा लागतो.