आगगाडीचा हिशेब

महाराष्ट्रातल्या रेल्वेच्या इतिहासावरचा कोणताही लेख उघडा, पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत ‘चाक्या म्हसोबा’ भेटतोच. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डब्यांत चारशे पाहुणे बसले, ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन इंजिने ती ओढत होती, एकवीस तोफांची सलामी झाली आणि वाटेवरचे भाबडे लोक त्या धूर ओकणाऱ्या दैवताला हात जोडत होते. पुढचा मजकूरही ठरलेला असतो. सुशिक्षितांनी या भाबड्यांना विज्ञान समजावले, मग ‘हिंद स्वराज्य’मध्ये एकटे गांधीजी उलटे बोलले, पण गाडी काही थांबली नाही.

या कथेला माझा आक्षेप आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. लोक घाबरले असतील, काहींनी नारळही फोडले असतील. पण या कथेमुळे रेल्वेचा वाद म्हणजे भीती विरुद्ध प्रगती, अशी आपली समजूत पक्की झाली आहे. जुनी नियतकालिके, कौन्सिलातली भाषणे आणि आयोगांपुढच्या साक्षी वाचताना मला जो वाद दिसतो तो वेगळाच आहे. तो हिशेबाचा वाद आहे. गाडी हवी की नको, यावर त्यात फार शब्द खर्च झालेले नाहीत. गाडी कोणाच्या पैशाने, कोणत्या अटींवर, कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, यावर मात्र पन्नास वर्षे शाई आटली आहे.

आधी भीतीचा भाग निकालात काढू. रेल्वे मुंबईत आणण्यासाठी १८४५ साली जी खटपट सुरू झाली तिच्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई पुढे होते. पहिली गाडी धावल्यानंतर वर्षभरातच, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे लोखंडी रस्त्यांचे वर्णन करणारे पुस्तक मराठीत छापले गेले. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ आले, तोवर आगगाडी हा शहराच्या वर्णनातला एक सरावाचा विषय झाला होता. म्हणजे नवलाई ओसरायला पुरती दहा वर्षेही लागली नाहीत. लोक गाडीत बसले, यात्रांना गेले, माल पाठवू लागले. १८८५ साली काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला मुंबईत देशभरातून माणसे जमली ती या लोखंडी रस्त्यांमुळेच. रेल्वेवर टीका करणारे रेल्वेनेच फिरत होते, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. वाटायचे कारणही नव्हते.

मग त्यांची तक्रार काय होती? त्यासाठी १८४९ सालच्या कराराकडे जावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभारणारी खासगी कंपनी. तिला ईस्ट इंडिया कंपनीने जमीन फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची. याचा अर्थ साधा होता. शंभर रुपयांच्या कामावर दीडशे खर्च झाले, तर भागधारकाला पाचऐवजी साडेसात रुपये मिळणार. काटकसर करायची ती कोणी आणि कशासाठी? हे केवळ देशी टीकाकारांचे म्हणणे नव्हते. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हेच सांगितले. व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा नदीत फेकला काय आणि विटाचुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलदाराला दोन्ही सारखेच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

त्यात विनिमयदराची भर पडली. देणे पौंडांत आणि उत्पन्न रुपयांत. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या, म्हणजे चोवीस पेन्सांच्या आसपास असलेला रुपया १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चौदा पेन्सांच्याही खाली आला. गाडी तीच, रूळ तेच, भाडे तेच. पण लंडनचे देणे भागवायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रुपये लागू लागले.

हा सगळा व्यवहार मराठी मुलुखात बसून ज्यांनी बारकाईने उलगडला, त्यांत माझ्या मते पहिले नाव गणेश व्यंकटेश जोशी यांचे घ्यावे लागेल. ते सरकारी शाळांत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ साली सुरू झाले. त्यात जोशी नाव न घालता लिहीत, कारण ते सरकारी नोकर होते. त्यांचे लेखन १९१२ साली, निधनानंतर, पुस्तकरूपाने निघाले तेव्हा कुठे वाचकांना एकत्र पाहायला मिळाले. सरकारी अहवालातलेच आकडे घ्यायचे आणि सरकारी निष्कर्ष त्यांच्याच विरुद्ध उभे करायचे, ही त्यांची रीत. नामदार गोखल्यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांचे कौतुक आपण करतो, पण त्या भाषणांची तयारी करून घेण्यात जोशांचा हात होता हे क्वचितच सांगतो.

जोशी, रानडे, दादाभाई, वाच्छा आणि गोखले या सगळ्यांचे लेखन एकत्र ठेवले तर त्यातून चार प्रश्न वर येतात.

पहिला प्रश्न जोखमीचा. नफा झाला तर कोणाचा आणि तोटा झाला तर कोणाचा? हमीच्या पद्धतीत नफ्यात कंपनीचा वाटा होता आणि तोटा सगळा रयतेचा होता.

दुसरा प्रश्न दिशेचा. रूळ बंदराकडे जातात. त्यांवरून काय जाते आणि काय येते? कापूस बाहेर जातो आणि कापड आत येते. दादाभाईंचा मुद्दा असा की इतर देशांतही रेल्वे कर्जावर बांधली जाते, पण तिथे पगार, कंत्राटे आणि कारखान्यांच्या मागण्या देशातच राहतात. इथे व्याजाबरोबर पगार आणि पोलादाची किंमतही बाहेर जाते. रानड्यांची चिंता याला जोडूनच होती. उद्योगांना उत्तेजन न देता नुसती वाहतूक स्वस्त केली, तर कारागीर शेतीवर ढकलला जाईल.

तिसरा प्रश्न सोडून दिलेल्या गोष्टीचा. या पैशात दुसरे काय झाले असते? इथे त्यांना एक इंग्रज इंजिनिअरच साक्षीला मिळाला. गोदावरीचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन आयुष्यभर सांगत होते की या देशाला रुळांआधी कालवे हवेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आयोग बसला. त्याने १८८० साली वीस हजार मैल रेल्वेचे उद्दिष्ट पुढे ठेवले. दुष्काळी भागात धान्य पोचवायला रेल्वे उपयोगी पडली हे खरे. पण गाडी पिकलेले धान्य हलवते, ते पिकवत नाही. रमेशचंद्र दत्तांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या हिशेबात रेल्वेवरचा एकूण खर्च सुमारे साडेबावीस कोटी पौंड आणि पाटबंधाऱ्यांवरचा सुमारे अडीच कोटी पौंड आहे. एकास नऊ हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले, म्हणजे शिलकी रक्कम रेल्वेकडे न वळवता शिक्षणाला द्या असे गोखले कौन्सिलात पुन्हा पुन्हा का सांगत होते ते कळते.

चौथा प्रश्न डब्यातल्या माणसाचा. प्रवासी भाड्याचे बहुतेक उत्पन्न तिसऱ्या वर्गातून येत होते आणि सोयी पहिल्या वर्गासाठी होत होत्या.

आता गांधीजींकडे येतो, कारण आपल्या नेहमीच्या कथेत रेल्वेविरोधक म्हणून त्यांनाच उभे केले जाते. ‘हिंद स्वराज्य’ १९०९ सालचे. त्यात रेल्वेने रोगराई पसरते, दुष्काळ वाढतो, पापाला पाय फुटतात असे ते म्हणतात. हे वाचून एक पक्ष त्यांना ऋषी ठरवतो आणि दुसरा पक्ष त्यांना मागासलेले म्हणतो. पण १९१७ साली त्याच गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलेले टिपण यांतले फार थोडे लोक वाचतात. मुंबईहून मद्रासला जायला तेरा रुपये नऊ आणे पडले, इथून ते सुरू करतात. डब्यातली गर्दी, घाण, शौचकूप, चहाचा रंग, सगळे नोंदवतात. मग विचारतात ते एवढेच: पहिल्या वर्गाचा उतारू पाचपट भाडे भरतो, तर तिसऱ्या वर्गाला त्याच्या सुखसोयींचा पाचवा हिस्सा तरी मिळतो का? हा संन्याशाचा प्रश्न नाही, वाण्याचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक अडचणीचा आहे. १९०९ च्या गांधींना ‘अव्यवहार्य’ म्हणून बाजूला सारता येते. १९१७ च्या गांधींना उत्तर द्यावे लागते. माझ्या मते हे टिपण जोशी-गोखल्यांच्या परंपरेत बसते, आणि टीका म्हणून ‘हिंद स्वराज्य’मधल्या रेल्वेच्या प्रकरणापेक्षा ते सरस आहे.

या परंपरेचे मी गोडवे गातो आहे असे वाटेल, म्हणून तिच्यातली उणीवही सांगतो. पुण्या-मुंबईच्या या हिशेबात मजूर जवळजवळ नाही. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा मार्ग सुमारे पंधरा मैलांचा, पंचवीस बोगद्यांचा. ऐन भरात त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. साथींत आणि अपघातांत किती मेली, याचा धड आकडा नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली आणि त्यानंतर मूळ कंत्राटदार काम सोडून गेला. रेल्वेकडे हिशेब मागणारे आपल्याकडचे पहिले लोक कोण, असे विचारले तर मी जोशांच्या आधी या मजुरांकडे बोट दाखवीन. त्यांनी तो कागदावर मागितला नाही, म्हणून आपल्या वैचारिक इतिहासात त्यांची नोंद नाही. पाच टक्क्यांची चिरफाड करणाऱ्या विद्वानांना मजुरीचा दर हा राष्ट्रीय प्रश्न वाटला नाही, ही त्या हिशेबातली मोठी वजाबाकी आहे.

तरीही त्या वादाने फळ दिले. १९२० साली अ‍ॅकवर्थ समिती नेमली गेली. तिच्यात श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते. तिच्या शिफारशींतून १९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला आणि १९२५ साली जीआयपी सरकारच्या ताब्यात आली. जोशांच्या पिढीने मागितलेले थोडेफार पुढच्या पिढीच्या पदरात पडले.

हे सारे आज का उगाळायचे? कारण आपला आजचा वाद पुन्हा चाक्या म्हसोबापाशी येऊन ठेपला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०१७ रोजी तिचा पायाभरणी समारंभ झाला. मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि तेव्हाचा अंदाजित खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपये. त्यातले ८१ टक्के जपानी कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षे. महाराष्ट्राचा भांडवली वाटा पाच हजार कोटींचा. पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली. त्यानंतर जो वाद पेटला त्यात एका बाजूने ‘श्रीमंतांचे खेळणे’ म्हटले गेले आणि दुसऱ्या बाजूने ‘विकासविरोधी’. दोन्ही शब्द असे आहेत की ते उच्चारले की पुढे काही मोजायची गरज उरत नाही.

जुने चार प्रश्न इथे लावून पाहावेत. ०.१ टक्का व्याज पाच टक्क्यांच्या हमीपेक्षा फारच सौम्य आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण देणे येनमध्ये आहे. येन घसरला तर आपला फायदा आणि चढला तर तोटा. पन्नास वर्षांची ही जोखीम कोणाच्या नावे लिहिली आहे? यंत्रसामग्री आणि तंत्र जपानकडून घेताना इथे काय बनायला लागेल आणि किती वर्षांत? एवढ्या पैशात उपनगरी मार्गांवर काय झाले असते? मुंबईच्या लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, म्हणून हा तिसरा प्रश्न नुसता जमाखर्चाचा राहत नाही. डब्यातला माणूस कोण असेल? आणि जोशांनी न विचारलेला पाचवा प्रश्न: पालघरमध्ये ज्यांच्या जमिनीवरून मार्ग जातो, त्यांची खतावणी कोणी ठेवली? या प्रश्नांची उत्तरे प्रकल्पाच्या बाजूनेही येऊ शकतील. जोशी-गोखल्यांना प्रत्येक ठिकाणी नकारच द्यायचा होता असे नाही. त्यांना उत्तर हवे होते.

हे विचारायची जागाही आक्रसली आहे. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्या स्वतंत्र दिवसाचे पुढे पुढे नव्या गाड्यांच्या घोषणांचे संमेलन झाले होते, हे नाकारता येत नाही. पण वर्षातून एकदा तरी रेल्वेचा जमाखर्च वेगळा वाचला जात असे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यावर भांडण होत असे. आता ते भांडणही गेले.

गोखले १९०२ साली वरिष्ठ कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा कायद्याने सभासदांना त्यावर फक्त चर्चा करता येत होती. मत देण्याचा अधिकार नव्हता. आपल्या बोलण्याने एक आणाही इकडचा तिकडे होणार नाही हे ठाऊक असलेला हा माणूस महिनोन्महिने आकडे तपासत होता आणि एक मुख्याध्यापक त्याला ते पुरवत होता. आपल्याला मताचा अधिकार मिळून पाऊणशे वर्षे झाली. रेल्वेचे आकडेही आज जोशांना मिळत त्याहून कितीतरी सहज मिळतात. ते घेऊन बसणारा माणूस मात्र मराठी नियतकालिकांत शोधावा लागतो.