‘संशयकल्लोळ’मधील रेवती

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ कितीदाही वाचले तरी हसू आवरत नाही. मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले. त्याच्या आधारे देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे पदे घालून गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. एवढा प्रवास होऊनही फाल्गुनराव व कृत्तिका आपल्या आळीतलेच वाटतात.

रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. दोघांनी पाहिलेले खरेच असते. लावलेला अर्थ तेवढा खोटा. अचलपुरात आमच्याकडे भांडून येणारी दांपत्येही असा ‘पुरावा’ सोबतच आणतात. (तसबिरीच्या जागी हल्ली मोबाइल असतो, इतकेच.)

आमची तक्रार वेगळी आहे. फाल्गुनराव-कृत्तिकेच्या संशयाला आपण निर्धास्त हसतो, कारण त्यांचा संसार मोडणार नाही हे आपणांस ठाऊक असते. रेवतीचे तसे नाही. ती नायकिणीची मुलगी. अश्विनशेटने पाठ फिरवली, तर तिच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? तिला हा विनोद परवडणारा नाही, आणि देवलांनी तिला मानाने उभे केले, हे त्यांचे मोठेपण. परंतु गैरसमज फिटताच सारे आनंदीआनंद होते, ते आम्हांस खटकते. अश्विनशेटने रेवतीची क्षमा आणखी थोडा वेळ मागावयास हवी होती.