जिजाईचे बोल आणि मंडपातले हसू



बीजेच्या सप्ताहात गावोगाव तुकोबारायांचे चरित्र सांगितले जाते. त्यात जिजाबाईंचा, म्हणजे आवलीचा, प्रसंग आला की अलीकडे एक ठरलेला साचा दिसतो. बुवा आवाज बारीक करतात, कमरेवर हात ठेवून फणकाऱ्याने दोन वाक्ये बोलतात आणि मंडप हसतो. मग घरोघरी एक आवली असतेच, अशी पुस्ती जोडली जाते. पुरुषांच्या बाजूने टाळ्या पडतात. बायकाही तोंडाला पदर लावून हसतात. हा साचा चरित्राला धरून आहे का, एवढेच आपण पाहू.

चरित्र काय सांगते? 1630 च्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. ही पुण्यातील गुळव्यांची, खात्यापित्या सावकाराची लेक त्या घरात राहिली. चूल तिची, लेकरे तिची, दारात येणारा अतिथीही तिच्याच भाकरीवर. महाराज भंडाऱ्यावर बसले की ही भाकरी घेऊन डोंगर चढे आणि त्यांना जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. वाटेत तिच्या पायात काटा मोडला तो पांडुरंगाने काढला, अशी कथा आपणच सांगतो. ज्या पायाला देवाने हात लावला, त्या बाईची नक्कल करताना आपला हात कमरेवर जातो, हे कसे?

ती देवाला बोलली, हे खरे आहे. पण जनाबाईही विठ्ठलाशी भांडली, त्याला एकेरी बोलली. नामदेवरायांची आई गोणाई तर पोरासाठी देवाशी हुज्जत घालते. तिथे आपण म्हणतो, केवढी ही सलगी, केवढे हे प्रेम! मग तसेच बोल आवलीच्या तोंडून आले की ती कजाग कशी ठरते? जनाबाईचे भांडण देवासाठी होते आणि आवलीचे संसारासाठी, असे उत्तर काही जण देतात. पण उपाशी लेकराच्या आईने देवाला जाब विचारायचा नाही, असे कोणत्या संताने सांगितले? रागावायलाही देव समोर आहे असे मानावे लागते. सासरी ज्या बाईला मोठ्याने बोलायची सोय नव्हती, तिने निदान विठोबापुढे तोंड उघडले. आपल्याकडे पुरुष स्पष्ट बोलला तर बाणेदार आणि बाई बोलली तर तोंडाळ, ही फार जुनी खोड आहे. ती गादीवरून तरी पोसली जाऊ नये.

कीर्तनात विनोद नको, असे माझे म्हणणे नाही. नाथमहाराजांच्या भारुडात सून भवानीला साकडे घालते, सासरची एकेक माणसे दूर कर म्हणते, आणि लोक पोट धरून हसतात. पण त्या नात्यांआड विकार बसवलेले असतात. हसता हसता ऐकणारा स्वतःच्या अहंकारापाशी येतो. आवलीच्या नकलेत ऐकणारा शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवतो. त्यातून परमार्थ कोणता साधतो?

1936 साली प्रभातने काढलेला 'संत तुकाराम' जुन्या मंडळींनी पाहिला असेल. त्यात गौरीबाईंनी जिजाई उभी केली. ती कडक बोलते, चिडते, आणि लोक हसतातही. पण तिचे कष्ट आणि नवऱ्यावरची माया दिसत राहते, म्हणून ते हसू तिच्या बाजूचे राहते. सिनेमाला जे साधले ते कीर्तनाला अवघड का असावे?

आणखी एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. महाराज वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. मागाहून जन्मलेले नारायणमहाराज तिनेच वाढवले, आणि त्यांनीच 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. आपण ज्या पालखीमागे चालतो तिची वाट या माउलीच्या ओसरीवरून निघते.

आषाढीची वारी ऐन पेरणीत येते. तुम्ही दिंडीत पाऊल टाकता तेव्हा घरी गुरे, बी-बियाणे, म्हातारी माणसे कोण सांभाळते? तीही निघते तेव्हा तुळस डोक्यावर घेऊन तीच वाट चालते आणि मुक्कामी पोचल्यावर चूलही तीच पेटवते. मंडपात समोर बसलेली आवली तीच आहे.

तरुण कीर्तनकारांना विनंती आहे. जिजाई सांगा, तिचा रागही सांगा. पण त्याआधी दुष्काळ सांगा, रिकामा डबा सांगा, भंडाऱ्याचा चढ सांगा. आणि श्रोतेहो, नकलेला टाळी देण्याआधी शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडाकडे एकदा पाहा. ती हसत असली तरी पाहा.