‘अमर’ या विशेषणाविषयी

झाशीच्या ओरछा दरवाजापाशी गेले असता दुल्हाजूच्या फितुरीची कथा कानी पडल्यावाचून राहत नाही, आणि तिच्यामागोमाग ‘राणी अमर झाली’ हे वाक्यही येतेच. लक्ष्मीबाईंविषयीच्या आपल्या लेखांतून व भाषणांतून हे विशेषण इतके सढळपणे योजले जाते की, त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणास भासत नाही. आम्हांस ती भासते.

प्राचीन ग्रीक भाषेत या अर्थाचे दोन शब्द आढळतात. ‘थानातोस्’ म्हणजे मृत्यू. त्यास नकारदर्शक ‘अ’ लागून ‘अथानातोस्’ झाला. दुसरा ‘अम्ब्रोतोस्’ हा तर आपल्या ‘अमृत’ शब्दाचा सख्खा भाऊ. ‘मृ’ धातूचे मूळ दोहोंत एकच. देवांचे अन्न ‘अम्ब्रोसिया’ त्याच कुळातले, आणि ‘ब्रोतोस्’ म्हणजे मर्त्य मानव. होमरच्या काव्यांत ‘अथानातोई’, म्हणजे ‘न मरणारे’, एवढे म्हटले की देव समजावेत. अमरकोशातही ‘अमर’ हे देवांचेच नाव आहे. माणसाच्या वाट्यास ग्रीकांनी निराळी वस्तू ठेवली. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात अकिलीझपुढे पेच आहे तो दीर्घ आयुष्य की अक्षय कीर्ती असा. अक्षय व्हावयाची ती कीर्ती, माणूस मरावयाचाच. हा विवेक आपल्या लेखनातून सुटला आहे. ज्यास मरणच नाही, त्याच्या शौर्याची मातब्बरी ती काय?

तो विवेक राखला वरसईच्या विष्णुभट गोडशांनी. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी भेटते ती तहानेने व्याकुळ झालेली. भटजी विहिरीचे पाणी काढू लागतात. पण विद्वान ब्राह्मणास ते काम ती करू देत नाही. स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. ही अमृत प्यालेली देवता नव्हे, तहानलेली बाई आहे. आणि तरीही तिची रीत सुटलेली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढताना पडली.

परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस राणीचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. परंतु तिजवर लिहिताना ‘अमर’ शब्दाशी लेखणी क्षणभर थांबावी आणि ती विहीर आठवावी, एवढीच आमची विनंती आहे. तिची कीर्ती आपणांपर्यंत पोहोचली त्यात विशेषणांचा वाटा थोडा. एका भिक्षुकाने पाहिले ते लिहून ठेवले, याचाच फार.